टीएनएफ-अल्फाची नवी कुपी: एल-९२९ पेशी मरत नाहीत, टीएचपी-१ पेशी मात्र प्रतिसाद देतात

पिपेटवाली

नमस्कार. मी पुण्यात पीएच.डी.च्या चौथ्या वर्षाला आहे. दाहप्रक्रियेवरच्या कामासाठी गेली दोन वर्षे मी पुनर्संयोजित (जनुक दुसऱ्या पेशींत घालून बनवलेले) मानवी टीएनएफ-अल्फा हे दाह चेतवणारे प्रथिन नियमितपणे वापरते आहे. गेल्या दोन महिन्यांतले निकाल एकमेकांशी इतके विसंगत आहेत की प्रथिनावर संशय घ्यावा की स्वतःच्या हातांवर, हेच मला कळेनासे झाले आहे, म्हणून सगळी हकिगत तपशिलाने लिहिते.

आमच्याकडे आधी ज्या पुरवठादाराची कुपी येत असे, ती आम्ही एकदा प्रथिने आकारानुसार वेगळी करणाऱ्या जेलवर चालवून पाहिली होती. टीएनएफ-अल्फाचा पट्टा १७ किलोडाल्टनच्या आसपास दिसायला हवा, तो अगदी फिकट दिसला आणि ६६ किलोडाल्टनला मात्र जाडजूड पट्टा आला. तो गाईच्या रक्तद्रवातल्या अल्ब्युमिनचा, म्हणजे बीएसएचा होता. कुपीवरच्या माहितीपत्रकात ‘वाहक प्रथिनासह’ असे लिहिलेले होते, पण ते आम्ही कोणीच वाचलेले नव्हते. ‘आपण टीएनएफ विकत घेतो आहोत की अल्ब्युमिन?’ असा प्रश्न मॅडमनी प्रयोगशाळेच्या बैठकीत विचारला आणि पुढची खरेदी वाहकविरहित, शुद्धता ९७ टक्क्यांहून अधिक, अशी करायची ठरली. तीन दरपत्रके, समिती आणि सीमाशुल्क या सगळ्यांतून वाट काढत त्या कुप्या चार महिन्यांनी आल्या. खोक्यातल्या बर्फाच्या पिशव्या तोवर पूर्ण वितळलेल्या होत्या.

प्रत्येक कुपीत १० मायक्रोग्रॅम कोरडे प्रथिन आहे. मी एक कुपी आमच्याच प्रयोगशाळेत बनवलेल्या, ऑटोक्लेव्ह केलेल्या (दाबाच्या वाफेने निर्जंतुक केलेल्या) १ मिलीलीटर पीबीएसमध्ये, म्हणजे फॉस्फेटच्या खारट बफरमध्ये, विरघळवली, ५० मायक्रोलीटरचे भाग केले आणि उणे २० अंशांवर ठेवले. पुढची सौम्य द्रावणे प्रत्येक वेळी साध्या पॉलिस्टायरीनच्या नळ्यांत त्याच पीबीएसमध्ये करते आणि पेशींच्या पट्टीतल्या २०० मायक्रोलीटरच्या प्रत्येक कोनाड्यात १० मायक्रोलीटर घालते.

एल-९२९ या उंदराच्या पेशींवर ॲक्टिनोमायसिन-डी (त्यांना टीएनएफपुढे हळवे करणारे औषध), मिलीलीटरला १ मायक्रोग्रॅम, देऊन मी पेशीमृत्यू मोजते. जुन्या कुपीचा ईडी-५० (निम्मा परिणाम घडवणारी मात्रा) मिलीलीटरला ०.०४ नॅनोग्रॅमच्या आसपास येत असे. नव्या कुपीचा तो २ नॅनोग्रॅमच्या पुढे जातो आणि काही दिवशी तर निम्म्या पेशीसुद्धा मरत नाहीत. यावरून प्रथिन वाटेत खराब झाले असे म्हणावे, तर पीएमए हे रसायन देऊन मॅक्रोफेजसारख्या (जंतू गिळणाऱ्या पेशींसारख्या) बनवलेल्या टीएचपी-१ या मानवी पेशी त्याच नळीतल्या द्रावणाला झकास प्रतिसाद देतात. नुसते माध्यम घातलेल्या कंट्रोलच्या तुलनेत आयएल-८ (पेशी स्रवतात ते दाहाचे संदेशवाहक प्रथिन) दहापटीहून अधिक येते आणि ०.५, २, १० व २० नॅनोग्रॅम या चारही मात्रांना ते जवळपास सारखेच असते.

माझे प्रश्न असे आहेत. प्रथिन चांगले आहे की वाईट? एल-९२९ या उंदराच्या पेशी असल्यामुळे मानवी प्रथिनाच्या एखाद्या बॅचला त्या दाद देत नाहीत, असे होऊ शकते का? आणि ई. कोलायमध्ये बनवलेल्या प्रथिनावर शर्करासाखळ्या नसतात म्हणून मानवी पेशींत बनवलेले, तिप्पट किमतीचे प्रथिन घ्यावे असा मॅडमचा विचार आहे, त्याचा काही उपयोग होईल का?

जुना_इन्क्युबेटर

तुम्ही तपशील व्यवस्थित दिले आहेत, त्यामुळे उत्तर देणे सोपे झाले. माझ्या मते प्रथिन तुमच्यापर्यंत सुस्थितीत आले आणि तुमच्या नळ्यांच्या भिंतींना चिकटून संपले.

आधी तुमचे दोन छोटे प्रश्न निकालात काढतो. मानवी टीएनएफ-अल्फा उंदराच्या पेशीवरच्या, त्याला पकडणाऱ्या पहिल्या ग्राहीला, म्हणजे टीएनएफआर-१ ला बांधले जाते, दुसऱ्या ग्राहीला मात्र बांधले जात नाही. एल-९२९ पेशींचा मृत्यू पहिल्या ग्राहीमार्फतच होतो आणि म्हणूनच मानवी प्रथिनाची ताकद मोजण्यासाठी उंदराच्या या पेशी जगभर वापरल्या जातात. ही गोष्ट बॅचगणिक बदलत नाही. बदलते ती प्रथिनागणिक. मानवी आयएल-२ उंदराच्या टी-पेशींवर चालते, पण मानवी इंटरफेरॉन-गॅमा किंवा जीएम-सीएसएफ उंदराच्या पेशींवर चालत नाही. तुमची शंका त्या प्रथिनांच्या बाबतीत अगदी रास्त ठरली असती.

शर्करासाखळ्यांचा मुद्दाही इथे लागू पडत नाही. पेशीत टीएनएफ-अल्फा आधी २३३ अमिनो आम्लांच्या, पटलात रुतलेल्या रूपात तयार होते. एडीएएम-१७ नावाचे विकर त्याचा बाहेरचा १५७ अमिनो आम्लांचा भाग कापून मोकळा करते आणि असे तीन रेणू एकत्र येऊन त्रिक बनते. क्रिया करते ते हे त्रिक. त्यासाठी शर्करासाखळी लागत नाही, प्रत्येक रेणूत एकच डायसल्फाइड बंध असतो आणि ई. कोलाय हे प्रथिन विद्राव्य रूपात छान बनवते. या प्रथिनाचा जनुक १९८४ मध्ये वेगळा केला गेला, तेव्हापासून ते मुख्यतः ई. कोलायमध्ये बनत आले आहे. तिप्पट पैसे एरिथ्रोपोएटिनसारख्या, शर्करासाखळ्यांवाचून शरीरात टिकू न शकणाऱ्या प्रथिनासाठी राखून ठेवा.

आता मूळ मुद्दा. तुम्ही एलायझाची (प्रतिपिंडांनी प्रथिन मोजण्याच्या चाचणीची) पट्टी प्रतिपिंडाने लेपता तेव्हा काय करता? साध्या बफरमध्ये थोडेसे प्रथिन पॉलिस्टायरीनच्या कोनाड्यात घालून ठेवता आणि ते आपोआप पृष्ठभागाला चिकटते. तुमच्या सौम्य द्रावणांच्या नळ्याही पॉलिस्टायरीनच्याच आहेत आणि त्यांतही साधा पीबीएसच आहे, म्हणजे जे पट्टीवर मुद्दाम करायचे असते ते नळीत नकळत होते आहे. प्लास्टिकच्या एका चौरस सेंटिमीटरवर प्रथिनाचा एक थर बसायला साधारण १०० ते ३०० नॅनोग्रॅम पुरतात. एक मिलीलीटर द्रावण नळीच्या चार-पाच चौरस सेंटिमीटर भिंतीला भिजवते, म्हणजे ती भिंत ५०० नॅनोग्रॅम तरी सहज गिळू शकते. तुमच्या मिलीलीटरला १० नॅनोग्रॅमच्या नळीत एकूण प्रथिनच १० नॅनोग्रॅम असते. त्यातले पेशींपर्यंत किती पोहोचले असेल, आणि सोमवारी जेवढे पोहोचले तेवढेच गुरुवारीही का पोहोचले नसेल, हे आता तुमच्या लक्षात येईल. साठवणीच्या भागांचीही स्थिती फार वेगळी नाही. ५० मायक्रोलीटरमध्ये ५०० नॅनोग्रॅम असते, त्यातला पाचवा हिस्सा किंवा त्याहूनही अधिक भिंतीवर जाऊ शकतो.

जेलवर जे अल्ब्युमिन तुम्हाला भेसळ वाटले, ते नेमके या कामासाठी घातलेले असते. ०.१ टक्का बीएसए म्हणजे मिलीलीटरला १ मिलीग्रॅम. तुमच्या १० नॅनोग्रॅम टीएनएफच्या तुलनेत ते एक लाख पट आहे. भिंतीवरच्या सगळ्या जागा तेच आधी अडवून बसते आणि टीएनएफला चिकटायला जागा उरत नाही. काही पुरवठादार प्रत्येक मायक्रोग्रॅम प्रथिनामागे ५० मायक्रोग्रॅम बीएसए घालतात, त्यामुळे जेलवर ६६ किलोडाल्टनचा पट्टा जाडच दिसणार. वाहकविरहित प्रथिन वाईट असते असे मी म्हणत नाही. प्रथिनाला बायोटिन किंवा चकाकणारा रेणू जोडायचा असेल, त्याने एलायझाची पट्टी लेपायची असेल किंवा वस्तुमान पंक्तिमापनासाठी (मास स्पेक्ट्रोमेट्रीसाठी) द्यायचे असेल, तर तेच हवे, कारण तिथे बीएसए मध्ये लुडबुड करते. पेशींवर नॅनोग्रॅमच्या हिशेबात वापरायचे असेल तर मात्र वाहक आपण स्वतः घालायचा, एवढे ते काम पुरवठादाराकडून आपल्याकडे येते.

आणखी एक बाब कमी बोलली जाते. हे त्रिक अत्यंत सौम्य द्रावणात हळूहळू सुटते आणि निष्क्रिय होते. म्हणून सौम्य द्रावण आदल्या दिवशी करून फ्रिजमध्ये ठेवू नये, वापरायच्या वेळीच करावे.

पुढची कुपी उघडण्याआधी सेंट्रिफ्यूजमध्ये क्षणभर फिरवून घ्या, कारण १० मायक्रोग्रॅम कोरडे प्रथिन डोळ्यांना दिसत नाही आणि पुष्कळदा बुचाला लागलेले असते. मग १०० मायक्रोलीटर निर्जंतुक पाण्यात विरघळवा, म्हणजे मिलीलीटरला १०० मायक्रोग्रॅम होईल. व्होर्टेक्स करू नका, दहा-पंधरा मिनिटे तशीच ठेवून हलकेच फिरवा. त्यानंतर ०.१ टक्का बीएसए येईल अशा बेताने वाहक मिसळून, प्रथिन कमी चिकटणाऱ्या नळ्यांत छोटे भाग करून उणे ८० अंशांवर ठेवा. पुढची सौम्य द्रावणे १० टक्के सीरम असलेल्या माध्यमातच करा.

बर्फ वितळल्याची चिंता नको. कोरडे केलेले प्रथिन वाटेतले काही दिवस सामान्य तापमानात सहसा सोसते. द्रावण केल्यावर ते नाजूक होते. मला काळजी वाटते ती तुमच्या उणे २० अंशांच्या फ्रीजरची. तो घरगुती, आपोआप बर्फ वितळवणारा असेल तर त्यातले तापमान सारखे वर-खाली होत राहते आणि तुमचे भाग तुमच्या नकळत अर्धवट वितळून पुन्हा गोठत असतात.

टीएचपी-१ चा निकाल या स्पष्टीकरणात कसा बसवायचा, हे मला नीट सांगता येत नाही. कदाचित त्या पेशी उरल्यासुरल्या टीएनएफलाही पुरेसा प्रतिसाद देत असतील.

सपाट_रेष

वरच्या प्रतिसादातली शेवटची ओळ वगळता बाकी सगळ्याशी मी सहमत आहे. माझ्या मते या धाग्यातली सर्वांत बोलकी गोष्ट टीएचपी-१ चा निकालच आहे.

०.५ ते २० नॅनोग्रॅम, म्हणजे चाळीसपट फरक. आयएल-८ मात्र जागचे हलत नाही. प्रतिसाद पठारावर पोहोचला असेल असे कोणी म्हणेल, पण तेच प्रथिन एल-९२९ चाचणीत पन्नासपट दुबळे ठरलेले असताना टीएचपी-१ मध्ये सर्वांत खालच्या मात्रेलाच पठार गाठते, हे मला पटत नाही. मात्रा बदलूनही जे बदलत नाही, ते त्या प्रथिनाचे काम नसण्याचीच शक्यता जास्त. मग चारही कोनाड्यांत समान काय होते? दहा मायक्रोलीटर पीबीएस. आणि तुमच्या कंट्रोलमध्ये काय नव्हते? तेच दहा मायक्रोलीटर पीबीएस. कंट्रोलला तुम्ही नुसते माध्यम घातले आहे.

माझा संशय पीबीएसमधल्या एंडोटॉक्सिनवर आहे. एंडोटॉक्सिन म्हणजे ग्राम-निगेटिव्ह जिवाणूंच्या बाह्य आवरणातले लिपोपॉलिसॅकराइड. ऑटोक्लेव्ह जिवाणू मारतो, पण त्यांचे हे आवरण १२१ अंशांची वाफ बऱ्याच अंशी पचवते. काचेच्या बाटलीवरून ते घालवायचे असेल तर २५० अंशांवर अर्धा तास कोरडी उष्णता द्यावी लागते. पाणी शुद्धीकरण यंत्राची टाकी वेळेवर साफ झालेली नसेल, तर त्यातल्या पाण्याने बनवलेला पीबीएस निर्जंतुक असूनही एंडोटॉक्सिनने भरलेला असू शकतो.

आकडे मांडून पाहू. एक एंडोटॉक्सिन एकक, म्हणजे एक ईयू, साधारण ०.१ नॅनोग्रॅम लिपोपॉलिसॅकराइडइतके असते. समजा तुमच्या पीबीएसमध्ये मिलीलीटरला ५० ईयू आहेत. दहा मायक्रोलीटर दोनशेमध्ये गेले म्हणजे वीसपट सौम्य झाले आणि पेशींना मिलीलीटरला अडीच ईयू, म्हणजेच ०.२५ नॅनोग्रॅम मिळाले. पीएमए दिलेल्या टीएचपी-१ पेशींना खडबडून जागे करायला एवढे भरपूर होते. उलट, कुपीवर जर ‘मायक्रोग्रॅममागे १ ईयूहून कमी’ अशी मर्यादा लिहिलेली असेल, तर तुमच्या २० नॅनोग्रॅमच्या मात्रेतून मिलीलीटरला फार तर ०.०२ ईयू, म्हणजे दोन पिकोग्रॅम येतील. तेवढ्याने काही घडत नाही. म्हणून दोष पुरवठादाराकडे ढकलण्याआधी स्वतःची बाटली तपासा.

एल-९२९ पेशी ॲक्टिनोमायसिनसोबत मरतात त्या टीएनएफमुळे. एवढ्याशा एंडोटॉक्सिनने त्यांचे तसे काही होत नाही. त्यामुळे एका चाचणीत तुम्ही टीएनएफ मोजत होता आणि दुसरीत पीबीएस, असे मी या दोन निकालांचे वाचन करतो. दोन्ही चाचण्या खरे तेच सांगत होत्या.

ही चूक फक्त विद्यार्थ्यांकडून होते असे समजू नका. एचएसपी-७० या मानवी प्रथिनाची पुनर्संयोजित रूपे मॅक्रोफेज पेशींना चेतवून त्यांच्याकडून टीएनएफ स्रवून घेतात, असे निष्कर्ष अनेक प्रयोगशाळांतून निघाले होते आणि त्यावर सिद्धांतही उभे राहिले होते. २००३ मध्ये गाओ आणि त्सान या संशोधकांनी दाखवून दिले की एंडोटॉक्सिन काढून टाकलेल्या एचएसपी-७० मध्ये तो गुण उरतच नाही. प्रथिन ई. कोलायमध्ये बनवलेले होते आणि परिणाम ई. कोलायच्या आवरणाचा होता. त्यात एक गंमत अशी की आधीच्या लोकांनी द्रावण उकळून पाहिलेले होते. उकळल्यावर परिणाम गेला, एंडोटॉक्सिन तर उष्णतेला दाद देत नाही, तेव्हा परिणाम प्रथिनाचाच, असा त्यांचा तर्क होता. प्रत्यक्षात एंडोटॉक्सिन अगदी थोडे असेल तेव्हा तेही उकळण्याने मंदावते. म्हणून एकट्या उकळण्याच्या कंट्रोलवर विसंबू नका.

तुम्ही असे कोनाडे लावा: नुसते माध्यम, नुसता पीबीएस, पीबीएससह पॉलिमिक्सिन-बी, टीएनएफ, टीएनएफसह पॉलिमिक्सिन-बी, आणि टीएनएफसह त्याला निष्प्रभ करणारे प्रतिपिंड. पॉलिमिक्सिन लिपोपॉलिसॅकराइडला बांधून ठेवते, प्रतिपिंड टीएनएफला. कोण काय करते आहे हे एका दिवसात कळेल. टीएनएफ तुमच्या नेहमीच्या पीबीएसमध्ये विरघळवू नका हे सांगायला नकोच. आणि बीएसए घेताना कमी एंडोटॉक्सिनचे म्हणून मिळते तेच घ्या. साध्या बीएसएतून पुन्हा तीच पीडा मागच्या दाराने आत येते.

किनाऱ्यावरचा

मी गोव्यात असतो. एंडोटॉक्सिनचा आकडा हवा असेल तर एलएएल चाचणी करा, म्हणजे ‘५० ईयू समजा’ असे म्हणावे लागणार नाही. ही चाचणी अमेरिकेच्या किनाऱ्यावरच्या नालखुरी खेकड्याच्या (हॉर्सशू क्रॅबच्या) निळ्या रक्तातल्या पेशींच्या अर्कावर चालते. एंडोटॉक्सिनचा स्पर्श होताच तो अर्क गोठतो. आपल्याकडे ओडिशा आणि बंगालच्या किनाऱ्यांवर याच प्राण्याच्या दोन जाती आढळतात, आणि दोनापावलच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतही त्यांच्यावर संशोधन झालेले आहे.

तुमच्या विषयाशी याचा एक वेगळाच धागा जुळतो. त्या अर्कातले एंडोटॉक्सिन ओळखणारे पहिले प्रथिन म्हणजे फॅक्टर-सी. सिंगापूरच्या राष्ट्रीय विद्यापीठात डिंग आणि हो या संशोधकांनी त्याचा जनुक तिथल्या नालखुरी खेकड्यातून वेगळा केला आणि ते प्रथिनही आता पुनर्संयोजित रूपात मिळते. युरोपीय औषधसंहितेत त्यावर आधारित चाचणीचे प्रकरण २०२१ पासून लागू आहे. म्हणजे एका पुनर्संयोजित प्रथिनाची स्वच्छता दुसऱ्या पुनर्संयोजित प्रथिनाने तपासता येते. सोयीचा भाग असा की नेहमीचा एलएएल अर्क बुरशीच्या आणि सेल्युलोजच्या गाळण्यांतून येणाऱ्या बीटा-ग्लुकानलाही फसतो. फॅक्टर-सीची चाचणी त्याला फसत नाही.

दोन्हींपैकी कोणतीही चाचणी करा, पण नमुन्यात ठरावीक मात्रेत एंडोटॉक्सिन मुद्दाम मिसळून ते पूर्ण परत मिळते का हे आधी पाहा. प्रथिने आणि काही बफर ते झाकून ठेवतात आणि नमुना खोटाच स्वच्छ दिसतो. संपूर्ण किट महाग पडते, म्हणून शेजारच्या दोन-तीन प्रयोगशाळांनी मिळून घ्यावे. नमुन्याच्या नळ्या आणि पिपेटची टोकेसुद्धा एंडोटॉक्सिनमुक्त लागतात, हे मी स्वतः एक अख्खी पट्टी वाया घालवून शिकलो.

तिसरे_दरपत्रक

मी संशोधक नाही. एका संस्थेत प्रयोगशाळांच्या खरेदीचे काम बघतो, पण या प्रथिनांच्या खरेदीतले वाद इतके पाहिले आहेत की चार गोष्टी लिहाव्याशा वाटतात.

मागणीपत्रात ‘टीएनएफ-अल्फा, मानवी, १० मायक्रोग्रॅम’ एवढेच लिहिले, तर समितीला सर्वांत कमी दराचा पुरवठादार निवडण्यावाचून गत्यंतर नसते. नंतर ‘हे आम्हाला हवे होते ते नव्हे’ असे म्हणून उपयोग होत नाही. म्हणून तांत्रिक तपशिलात प्रथिनाचा भाग, कशात बनवले, टॅग (शुद्धीकरणासाठी जोडलेला छोटा तुकडा) आहे की नाही आणि असल्यास कोणत्या टोकाला, वाहकासह की वाहकविरहित, एंडोटॉक्सिनची कमाल मर्यादा आणि पेशींवर मोजलेली ताकद हे सगळे मागा. शेवटची बाब सर्वांत महत्त्वाची, कारण मायक्रोग्रॅम हे वजन आहे, काम नव्हे. एका पुरवठादाराच्या दहा मायक्रोग्रॅमची दुसऱ्याच्या दहाशी बरोबरी धरता येत नाही.

ताकदीचा आकडा काढायची रीत मला आमच्याच एका प्राध्यापकांनी शिकवली. दहा लाखांना नॅनोग्रॅममधल्या ईडी-५० ने भागायचे की मिलीग्रॅममागची एकके मिळतात. ईडी-५० जर ०.०५ असेल तर मिलीग्रॅममागे दोन कोटी एकके. मात्र अशी एकके ज्याच्या त्याच्या पेशींवर आणि पद्धतीवर अवलंबून असतात. दोन पुरवठादारांची खरी तुलना करायची तर दोघांनीही आकडा जागतिक आरोग्य संघटनेच्या प्रमाण नमुन्याशी ताडून आंतरराष्ट्रीय एककांत दिलेला असावा. असे नमुने इंग्लंडमधल्या एनआयबीएससी या संस्थेकडे असतात.

आणि एकाच बॅचच्या जितक्या कुप्या प्रबंध संपेपर्यंत लागतील, तितक्या एकदमच मागवा. दर वर्षी नवी बॅच आणि दर वर्षी नवे दरपत्रक, यात विद्यार्थ्याचे सहा महिने जातात, तो खर्च समितीच्या कागदावर कुठेच दिसत नाही.

जुना_इन्क्युबेटर

‘सपाट रेष’ यांचे म्हणणे मला पूर्ण पटले. मात्रा वाढूनही आयएल-८ हलत नाही, हे वाक्य मी वाचले आणि पुढे गेलो, तिथे थांबायला हवे होते.

टॅगबद्दल एक पुरवणी जोडतो. टीएनएफ-अल्फाचे सी-टोक त्रिक जुळण्याच्या जागेजवळ असते, त्यामुळे टॅग असलाच तर तो एन-टोकाला असावा, आणि बिनटॅगचे मिळत असेल तर उत्तमच. शिवाय तुमच्या ॲक्टिनोमायसिनचे वय किती आहे तेही पाहा. ते प्रकाशाने बिघडते आणि ते बिघडले की एल-९२९ पेशी टीएनएफला दाद देईनाशा होतात. जुन्या कुपीचा एखादा भाग शिल्लक असेल तर तो नव्याच्या शेजारी त्याच दिवशी लावा, म्हणजे दोष पेशींचा, ॲक्टिनोमायसिनचा की नव्या द्रावणाचा, हे वेगळे करता येईल.

पिपेटवाली

सर्वांचे मनापासून आभार. तीन आठवड्यांनी लिहिते आहे, कारण हाती काही आल्याशिवाय लिहायचे नाही असे ठरवले होते.

जुन्या कुपीचे दोन भाग उणे ८० अंशांच्या फ्रीजरमध्ये तळाशी सापडले. त्याच पेशी आणि त्याच ॲक्टिनोमायसिनसह त्यांचा ईडी-५० ०.०४ आला, म्हणजे पेशी आणि ॲक्टिनोमायसिन दोन्ही निर्दोष ठरले. नवी न उघडलेली कुपी तुम्ही सांगितल्याप्रमाणे फिरवून, निर्जंतुक पाण्यात विरघळवून, कमी एंडोटॉक्सिनचे बीएसए घालून आणि सौम्य द्रावणे सीरमयुक्त माध्यमात करून लावली. ईडी-५० ०.०६ आला, तीन वेगवेगळ्या दिवशी, आणि तिन्ही दिवस तो ०.०५ ते ०.०७ च्या आतच राहिला. मी आधी विरघळवलेल्या भागांत नंतर बीएसए मिसळूनही पाहिले. त्यांची ताकद परत आली नाही, भिंतीला गेलेले गेलेच. मानवी पेशींत बनवलेल्या महागड्या कुपीची मागणी मॅडमनी मागे घेतली आहे.

टीएचपी-१ बाबत ‘सपाट रेष’ यांचा अंदाज अचूक निघाला. नुसत्या पीबीएसच्या कोनाड्यात आयएल-८ तेवढेच आले जेवढे मला आधी ‘टीएनएफमुळे’ मिळत होते. पॉलिमिक्सिन-बी घातल्यावर ते माध्यमाच्या पातळीपर्यंत खाली गेले. नव्या पद्धतीने केलेल्या टीएनएफचा प्रतिसाद पॉलिमिक्सिनने कमी झाला नाही, प्रतिपिंडाने मात्र जवळपास नाहीसा झाला, आणि आता तो मात्रेनुसार चढतो. शेजारच्या प्रयोगशाळेने फॅक्टर-सीच्या किटमधल्या दोन कोनाड्यांची जागा दिली होती. पीबीएसचा आकडा त्यांच्या मोजणीच्या वरच्या मर्यादेच्याही पलीकडे गेला, म्हणून नमुना सौम्य करून पुन्हा द्यायचा आहे.

आता मला ज्याची धास्ती वाटते तो प्रश्न. हा पीबीएस आम्ही नेमका केव्हापासून वापरतो आहोत याची नोंद नाही. गेल्या दोन वर्षांतल्या माझ्या सगळ्या टीएचपी-१ प्रयोगांत कंट्रोल म्हणून नुसते माध्यमच आहे. प्रबंधातल्या त्या आकृत्या पुन्हा कराव्या लागतील का?

सपाट_रेष

सगळ्या नाही. जुन्या कुपीच्या काळातल्या ज्या प्रयोगांत तुम्ही तीन किंवा अधिक मात्रा वापरल्या आहेत, त्यांचे आलेख काढा. जिथे आयएल-८ मात्रेनुसार नीट चढते आणि सर्वांत खालची मात्रा माध्यमाच्या कंट्रोलच्या जवळ आहे, तिथे पीबीएसचा वाटा मोठा नसणार. एका प्रातिनिधिक प्रयोगाला बफरचा कंट्रोल जोडून ते दाखवता येईल. जिथे रेष सपाट आहे किंवा जिथे एकच मात्रा वापरली आहे, त्या आकृत्या पुन्हा कराव्या लागतील. मार्गदर्शकांना हे परीक्षकांच्या आधी तुमच्याकडून कळलेले बरे.

पिपेटवाली

आलेख काढले. अकरापैकी सात आकृत्यांत रेष नीट चढते. एकीत ती सपाट आहे आणि तिघींत मी एकच मात्रा वापरली होती, १० नॅनोग्रॅम, कारण तेव्हा प्रथिन वाचवायचे होते. मॅडमना काल सांगितले. त्यांनी माझी प्रयोगांची वही मागून घेतली, पाने उलटून पाहिली आणि पाणी शुद्धीकरण यंत्राची टाकी शेवटची कधी साफ केली होती ते विचारले. ते कोणालाच ठाऊक नव्हते. टाकीवर आता तारखेची चिठ्ठी लावली आहे, आणि चार आकृत्यांसाठी टीएचपी-१ पेशी कालच वितळवून वाढवायला घेतल्या आहेत.